पडवळाचा मालक

पहिली गोष्ट ही, की वेल माझा नव्हता. जागा माझी होती, मांडव माझा होता, खत माझ्या खांद्यावरून आले होते आणि पाणी माझ्या विहिरीचे, मी स्वतः ओढलेले होते. वेल अब्दुल गनी बागवान यांचा होता. तसा कागद आहे. कागद माझ्याच अक्षरात आहे आणि त्यात चूक नाही. नारायणराव कारकुनाने कागद नीट लिहिला नाही म्हणून तो फसला, असे गावात जे लोक म्हणतात त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की तो कागद जरा वाईट लिहिला असता तर मी फसलो नसतो.

गावाचे नाव मी लिहीत नाही. प्लेग कमिटीचे सभासद हयात आहेत आणि त्यांचे अध्यक्ष वकील आहेत. शेगाव स्टेशनावर उतरून बैलगाडीने दक्षिणेला निघाले की दोन मुक्कामांनंतर आमचे तालुक्याचे गाव लागते, एवढे पुरे. मी तहसिलीत कारकून आहे. प्लेगच्या दिवसांत रोजचा तक्ता भरायचा, म्हणजे कोणत्या आळीत किती आजारी, किती मेले, किती उंदीर पडले हे लिहून चारच्या डाकेने बुलढाण्याला पाठवायचे, हे माझे काम. डाक कोणासाठी थांबत नाही. तीन वर्षांत माझा एकही तक्ता चुकलेला नाही. हे गर्वाने नव्हे, माहिती म्हणून सांगतो.

या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी बेसन आहे. बेसन म्हणजे पुण्याकडचे लोक ज्याला पिठले म्हणतात ते. आदल्या वर्षी पोळ्यानंतर उंदीर पडले, गाव उठून माळावरच्या झोपड्यांत गेले, आठवड्याचा बाजार बंद झाला आणि खेड्यांवरून भाजी यायची थांबली. तेव्हापासून दिवाळी होऊन पंधरा दिवस उलटेपर्यंत आमच्या झोपडीत सकाळी बेसन आणि संध्याकाळी बेसन झाले. मध्ये एकदा वरण झाले. त्याची आठवण मी अजून काढतो. माझी पत्नी सत्यभामाबाई हिचे बेसनाशी वाकडे नाही. ती दुसरबीडची. तिच्या माहेरी पाहुणा आला तरी बेसन होते आणि गेला तरी होते. मी मात्र गावात परत आलो त्या दिवशी देवासमोर उभे राहून सांगितले, की पुढच्या प्लेगात मी बेसनाला हात लावणार नाही. पुढचा प्लेग टाळणे माझ्या हाती नव्हते. परसात भाजी लावणे होते. गाव उठले तरी परसातल्या भाजीला पाणी घालायला रोज तासभर आत सोडतात हे मला पक्के ठाऊक होते. तो नियम मीच लिहिला होता.

माणसाने घर बांधायला काढले तर चार लोक सल्ला देतात, मुलीचे लग्न काढले तर दहा. भाजी लावायला काढली तेव्हा किती आले ते मी मोजणे सोडून दिले. त्यातही एकाने सुद्धा कोणती भाजी कशी येते हे सांगितले नाही. प्रत्येक जण कोणाला काय लाभत नाही ते सांगत होता. आमच्याकडे लाभणे म्हणजे मानवणे. अमक्या घराण्याला कोहळा लाभत नाही, तमक्यांनी दारात वाल लावला आणि म्हैस गेली. कौशल्याबाई समोरच्या घरात राहतात. त्यांच्याकडे वांगी लाभत नाहीत, पण शेजाऱ्यांकडून आलेली लाभतात. त्या हे सांगताना माझ्या वाफ्याकडे पाहत होत्या. पटवाऱ्याने मध्येच येऊन विचारले, की हे पीक समजायचे की बाग. मी म्हटले, अजून माती आहे. तो म्हणाला, मग मातीचेच लिहितो, आणि काहीतरी लिहून घेऊन गेला. काय लिहिले ते मला अजून पाहायला मिळालेले नाही.

बी आले सत्यभामाबाईच्या भावाकडून, दुसरबीडहून, चिंध्यांच्या पुरचुंड्या बांधून. भेंडी, मेथी, वांगी आणि दोडका, असा निरोप होता. मेथी उगवली त्याच सकाळी गनीमियांच्या कोंबड्यांनी ती उकरली. गनीमिया आमचे मागचे शेजारी. मधे एक भिंत. त्यांच्या बायकोने, खुर्शीदाबींनी, भिंतीवरून माझी माफी मागितली आणि कोंबड्यांनाही चार शब्द सुनावले. भेंडी शेळीने खाल्ली. शेळी कोणाची ते कळले नाही. चौकशी केली त्या सहाही घरांनी, आमची शेळी भेंडी खात नाही, असे सांगितले. वांग्यांवर कीड पडली. दोडक्याचा मात्र एक वेल असा आला, की आषाढ संपायच्या आत मांडव चढून पलीकडे उतरू लागला. मी रोज कचेरीत जाण्यापूर्वी त्याच्याकडे पाहत असे. इतके आज्ञाधारक आमच्या कचेरीत कोणी नव्हते.

एका संध्याकाळी त्याला पांढरी, कडेला झालर असलेली फुले आली. सत्यभामाबाई तुळशीला दिवा लावायला आली होती. ती दिवा तसाच हातात धरून उभी राहिली.

"हे दोडक्याचं फूल नाही," ती म्हणाली. "हे पडवळ आहे. आपल्याला पडवळ लाभत नाही."

दोडक्याचे बी काळे असते आणि पडवळाचे तपकिरी, कडा कुरतडल्यासारखे, हे मला नंतर कळले. बी तिच्याच भावाने पाठवले होते. याचा उल्लेख मी त्या काळात दिवसातून दोनदापेक्षा जास्त केला नाही. पडवळ आमच्या घराण्याला का लाभत नाही याचीही मी रीतसर चौकशी केली. माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाने पडवळ लावले होते आणि त्याच वर्षी ते विहिरीत पडून वारले. तेव्हा त्यांचे वय एक्याऐंशी होते, त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हते आणि विहिरीला कठडा नव्हता. हे सर्व मी सत्यभामाबाईपुढे ठेवले. तिने ते नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, की बाकीचं सगळं आधीही होतंच ना, नवीन काय होतं त्या वर्षी? पडवळ.

वेल उपटायचा ठरला. मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशीही जेवलो नाही, निदान घरी. तिसऱ्या दिवशी पुंजाजी माळी आला. पुंजाजीने साठ वर्षे मळा केलेला. भाजीपाल्याच्या बाबतीत आमच्या गावात त्याच्या शब्दापुढे शास्त्र्यांचे चालत नाही. तो वेलाभोवती फिरला, पाने उलटून पाहिली आणि मटकन खाली बसून म्हणाला, असा वेल उपटनं म्हंजे पाप आहे, बाई.

"पन लाभत नसंल त ठेवनंबी बरं नाही," तो म्हणाला. "माहा कडूबा कसा वाचला, ठावं आहे ना? तीन लेकरं गेली त्याच्या आधी. चौथं झालं त तेलिनीच्या पदरात टाकलं, तिचं केलं, सूपभर कोंडा देऊन मांगून घेतलं. आता पाहा, खांद्यावर नांगर घेऊन जाते. वेलाचंबी तसंच. ज्याले लाभते त्याचा करून टाका."

सत्यभामाबाईला हे पटले. मलाही पटले, उपटण्यापेक्षा काहीही पटण्याच्या अवस्थेत मी होतो. पडवळ कोणाला लाभते याचा शोध फार लांब करावा लागला नाही. गनीमियांच्या घरात तीन पिढ्या पडवळ विकूनच चूल पेटत होती. ते भिंतीवरून आले, वेलाला हात लावून काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, तुमची खुशी असंल त माहा समजतो. सत्यभामाबाई आतून म्हणाली, समजतो नको, खरंच द्यायचं. खोटं दिलेलं देवाला कळतं.

इथे माझी सवय आडवी आली. तोंडी व्यवहार मला सहन होत नाही. मी आत जाऊन कागद काढला. परसातील पडवळाचा एक वेल, मुळासकट, मांडवावर चढलेल्या व पुढे चढणाऱ्या सर्व फांद्यांसह, आजवर धरलेल्या व यापुढे धरणाऱ्या सर्व फळांसह. पूर्वेस विहीर, पश्चिमेस अब्दुल गनी यांची भिंत, उत्तरेस गोठा, दक्षिणेस तुळस. मोबदला एक सुपारी, ती पोचली. दात्याचा अगर त्याच्या वारसांचा यावर कसलाही हक्क राहिला नाही. खाली पुंजाजीचा आणि कडूबाचा अंगठा. गनीमियांनी कागद दोनदा वाचून घेतला, घडी करून टोपीत ठेवला आणि म्हणाले, एवढा पक्का कागद त माह्या घराचाबी नाही.

पहिले पडवळ भाद्रपदाच्या सुरुवातीला निघाले. हातभर लांब, अंगावर पांढरे पट्टे. सरळ वाढावे म्हणून गनीमियांनी त्याच्या टोकाला सुतळीने लहानसा दगड बांधला होता. ते त्यांनी स्वतः आणून दिले. सत्यभामाबाईने हात पुढे केला नाही. तिने मला विचारले, तुम्ही मागितलं होतं का? मी म्हटले, मागायचे कशाला, शेजारी आहेत, आपण होऊन दिले. मग पुन्हा पुंजाजीला बोलावणे गेले. पुंजाजीने निवाडा दिला, की फळ आपसूक दारी आले तर वेल आपलाच राहिला असे होते. परक्याच्या वेलाचे फळ खायचे तर परक्यासारखे मागायला हवे. घरच्या धन्याने, मालकाच्या दाराबाहेर उभे राहून, चार लोकांत, तोंडाने.

मी नकार दिला. माझ्या विहिरीच्या पाण्यावर, माझ्या मांडवावर वाढलेले पडवळ मी दाराबाहेर उभे राहून मागावे, हे मला मान्य नव्हते आणि ते मी स्पष्ट शब्दांत सांगितले. गनीमियांनी पडवळ परत नेले. ते भले गृहस्थ. नाकारलेली वस्तू पुन्हा पुढे करून माणसाला अवघडवणाऱ्यांपैकी नव्हेत. त्यामुळे त्यांनी पुन्हा दिले नाही.

आठ दिवसांनी कापूसबाजाराच्या मागे उंदीर पडले. गाव उठले.

माळावर आमची झोपडी एकेचाळीस नंबरची होती, गनीमियांची बावन्न. गावाच्या वाटेवर नाके बसले आणि नाक्यावर इंद्रभान चपराशी. तिसऱ्या दिवशी सकाळी मी घागर घेऊन निघालो. वेल कोणाचाही असो, त्याला पाणी माझ्या हातचे मिळावे एवढीच माझी इच्छा होती. इंद्रभान उठून उभा राहिला, त्याने मला रामराम केला आणि काठी आडवी धरली. मी म्हटले, परसात भाजी आहे, पाणी घालायचे आहे. तो म्हणाला, नियम तिकडं भिंतीले चिटकवला हाय, मले वाचता येत नाही, तुमीच वाचून सांगा.

मी वाचला. "गावात उभे पीक अथवा भाजीपाला असल्यास त्याच्या मालकास, आणि मालकासच, सूर्योदयानंतर एक तास प्रवेश मिळेल. भाडेकरू, नातलग, नोकर अगर केवळ जागेचा धनी यांस मिळणार नाही." जागेच्या धन्याचे शब्द मी मागच्या वर्षी मुद्दाम घातले होते. काही धन्यांनी पाण्याच्या निमित्ताने आत जाऊन भाडेकरूंची दारे काढून नेली होती.

"मंग, तुमी कोन?" इंद्रभानने विचारले.

मी म्हटले, जागेचा धनी.

"अक्षर कोनाचं हाय?"

 तेवढ्यात गनीमिया आले, टोपीतून माझाच कागद काढून त्यांनी इंद्रभानला दाखवला. इंद्रभानने तो उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि त्यांना आत सोडले. जाताना ते मला म्हणाले, रावसाहेब, काळजी करू नका, मी दोन घागरी जास्त टाकतो. मी घागर घेऊन परत आलो. वाटेत तीन जणांनी मला विचारले, की घागर रिकामी घेऊन कुठे निघालो होतो.

मी कमिटीपुढे अर्ज केला. अध्यक्ष भगवंतराव वकील यांनी तो शांतपणे वाचला, गनीमियांना बोलावून कागद मागवला, तोही वाचला, आणि चष्मा काढला. "नारायणराव, असा कागद लिहिणारा माणूस जिल्ह्यात नाही," ते म्हणाले. "तुम्हाला यातून सोडवावं म्हणून मी दोनदा वाचला. कुठे फटच ठेवली नाही हो तुम्ही." अर्ज नामंजूर झाला. नामंजुरीची नोंद मलाच लिहायची होती, मी लिहिली. निघताना भगवंतराव म्हणाले, "पडवळ मात्र झकास आहे हं तुमच्याकडचं. म्हणजे गनीमियांचं."

अशा रीतीने कळले, की माझी पडवळे कोण खाते.

गनीमिया रोज सकाळी दोन-तीन पडवळे काढून आणत. नाक्यावर ती लाल औषधाच्या बादलीत बुडवली जात आणि बावन्न नंबरसमोर पोत्यावर मांडली जात. माळावर तेवढीच ताजी भाजी. भगवंतरावांचा गडी सगळ्यात आधी येई. मी तक्ता भरायला कचेरीच्या तंबूकडे जाताना समोरून जात असे आणि तिकडे पाहत नसे. पाहिल्याशिवाय सुद्धा भाजीची लांबी कळते. घरी बेसन होते. नवस मोडला म्हणून मी देवाला दोष दिला नाही; त्याला पडवळाचा तिढा कोणी सांगितला होता?

आश्विनात सत्यभामाबाईला ताप आला.

इथून थोडा भाग मी लवकर सांगतो. प्लेगाच्या दिवसांत ताप आला की माणूस दुसऱ्या माणसाच्या काखेत आणि जांघेत गाठ शोधतो आणि सापडू नये म्हणून हात हळू फिरवतो. डाक्तर आले, त्यांनी पाहिले, म्हणाले, सहा दिवस वाट पाहू. माझ्या तक्त्यात आजाऱ्यांचा रकाना आहे. त्या दिवशी मी तो भरला: झोपडी एकेचाळीस, स्त्री, ताप, गाठ नाही. दुसऱ्या दिवशी तेच. सहा दिवस मी तेच शब्द लिहिले आणि प्रत्येक वेळी शेवटचा शब्द लिहिण्यापूर्वी झोपडीत जाऊन पुन्हा पाहून आलो. डाक दोनदा माझ्यासाठी थांबली. ती थांबते हे मला तेव्हा कळले.

सातव्या दिवशी ताप उतरला. प्लेग नव्हता. पण तिने जेवण टाकले. तोंडाला चव नाही, म्हणायची. भात वाळूसारखा लागतो. स्वयंपाक मी करत होतो. मला बेसन तेवढे येत होते आणि त्यात गाठी होत. तिने जेवण तापामुळे टाकले की माझ्या बेसनामुळे, याची चौकशी झाली नाही. ती वाळत चालली. हात धरला तर बांगड्या कोपरापर्यंत सरकत. डाक्तर म्हणाले, आता औषधाचे काम नाही, पोटात काही गेले पाहिजे. हलके काहीतरी, दोडका, पडवळ. पुंजाजीने तेच सांगितले: तापातून उठलेल्या मानसाले पडवळासारखं काही नाही.

मी इंद्रभानला गाठले. त्याच्या हातून एक पडवळ विकत आणवले, कोणासाठी ते सांगू नको म्हणालो. मूग घालून पातळ भाजी केली आणि ताट तिच्यापुढे ठेवले. तिने वास घेतला. आठ दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत काहीतरी हलले.

"मागितलं का तुम्ही?" तिने विचारले.

 तक्ते भरणाऱ्या माणसाला खोटे बोलायचा सराव नसतो. तिने ताट हाताने थोडे पलीकडे सरकवले आणि भिंतीकडे तोंड केले. भाजी संध्याकाळी शेळीला गेली. या शेळीने ती लगेच खाल्ली.

मी बाहेर बसलो. मला राग आला होता: तिच्या भावाचा, पुंजाजीचा, एक्याऐंशी वर्षांच्या आंधळ्या चुलत आजोबांचा, आणि कठडा न बांधणाऱ्या त्या काळच्या सगळ्या लोकांचा. सत्तावीस वर्षांचा संसार. माझ्या हातचे गाठींचे बेसन तिने सहा दिवस नाव न ठेवता पाहिले होते, आणि माझ्याकडून तिला पाहिजे होते ते एक वाक्य. ते मी देत नव्हतो. असे लिहून काढल्यावर ते तक्त्यासारखे स्वच्छ दिसू लागले. मी उपरणे घेतले आणि बावन्न नंबरकडे चालू लागलो.

दिवस मावळायला आला होता. गनीमियांच्या दारापुढे पाच-सहा माणसे होती आणि अर्थातच भगवंतराव स्वतः होते. त्या दिवशी त्यांना फिरायला तोच रस्ता सापडला होता. मी दाराबाहेर, पोत्याच्या अलीकडे उभा राहिलो. गनीमिया म्हणाले, या रावसाहेब, बसा.

"बसत नाही," मी म्हणालो. आवाज जरा मोठा निघाला. "वेल तुमचा आहे. माझ्या घरी आजारी माणूस आहे. एक पडवळ द्या."

भगवंतरावांनी चष्मा काढला. 

"वेल थकला, रावसाहेब," गनीमिया म्हणाले. "आज इंद्रभानले देलं ते आखरी होतं."

ते कुठे गेले हे मला ठाऊक होते. माझ्या तोंडून ते सांगवले नाही.

आतून खुर्शीदाबींचा आवाज आला: "बियाचं हाय ना एक."

मळा करणाऱ्या माणसाच्या घरात हे वाक्य सहसा कोणी उच्चारत नाही. बियाचे फळ म्हणजे वेलावर राखलेले सगळ्यात सरस फळ. ते पिकून लाल होईपर्यंत तोडायचे नसते. त्याच्या देठाला चिंधी बांधतात, म्हणजे चुकून कोणाचा हात जाऊ नये. त्याचे बी बागवानांच्या आणखी दोन घरांनी आधीच सांगून ठेवले होते. कोवळे तोडले तर बी नाही, आणि बी नाही तर तो वेल तिथेच संपला. गनीमियांनी दाराच्या पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"सकाळी आनतो," ते म्हणाले. "कोवळंच हाय अजून."

मी म्हटले, बियाचे आहे, राहू द्या.

"तुमी मांगितलं ना? मंग आता बोलू नका."

सकाळी सूर्य उगवण्याआधी मी नाक्यावर जाऊन उभा होतो. इंद्रभानने मला काठी आडवी धरली नाही, कारण मी पुढे गेलोच नाही. गनीमिया ओल्या पोत्यात गुंडाळून ते घेऊन आले. देठाला चिंधी होती, टोकाला सुतळी आणि दगड तसाच होता. इंद्रभानने ते लाल पाण्यात दोनदा बुडवले. नियमात एकदाच आहे. मी हरकत घेतली नाही.

झोपडीत सत्यभामाबाई उशाला टेकून बसली. तिने दगडाकडे पाहिले, चिंधीकडे पाहिले.

"मागितलं?"

"मागितलं."

"कसं मागितलं?"

मी वाक्य जसेच्या तसे सांगितले.

"कोणासमोर?"

"भगवंतरावांसमोर."

ती हसली. हसताना तिला धाप लागली, पण हसली. मग मूग किती, पाणी किती, हळद आधी का नंतर, हे सगळे तिने पडल्या पडल्या सांगितले आणि मी तसेच केले. तिने अर्धी वाटी खाल्ली. संध्याकाळी पाऊण. दुसऱ्या दिवशी उरलेले सगळे, आणि बोट चाटले. बियाच्या फळाला वेगळी चव असते असे ती म्हणाली. मी चाखून पाहिले नाही; वेल आमचा नव्हता आणि मी एकासाठीच मागितले होते.

तिसऱ्या दिवशी मी कचेरीच्या तंबूतून परत आलो तर ती चुलीपुढे बसलेली होती. तोंडाला चव आली, म्हणाली. इतके दिवस एकच गोष्ट खावीशी वाटत होती, पण तुमच्या हातची नको होती. कढईत बेसन होते. वर मिरचीची फोडणी, शेजारी ज्वारीची भाकर. एक गाठ नव्हती. मी देवाकडे पाठ करून बसलो आणि दोनदा मागून घेतले. मागायची सवय लागली की लागते.

त्या दिवशीच्या तक्त्यात एकेचाळीस नंबरपुढे मी शून्य लिहिले आणि ते जरा मोठे काढले. बुलढाण्याहून त्याबद्दल काही विचारणा आली नाही.

माघात आम्ही घरी परतलो. वेल मांडवावर वाळून गेला होता. गनीमियांनी येऊन तो सोडवला, सुतळी गुंडाळून खिशात ठेवली आणि म्हणाले, बी आनू कुठून तरी, औंदा भिंतीच्या माह्या अंगाले लावतो, मंग कागदाची गरज नाही. सत्यभामाबाई म्हणाली, तरी मागायलाच येतील हे.  हे सगळे मी मान्य केले आहे. फक्त एक गोष्ट राहते. त्या वेलाची अकरा पडवळे भगवंतराव वकिलांनी खाल्ली. मी पोत्याकडे न पाहता मोजली आहेत. हा आकडा माझ्या तक्त्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही, म्हणून तो इथे लिहून ठेवला.